गड वरच राहिले : कर्जत-खालापूरच्या गडवाड्या आणि तिथली हातची कामे

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्याचे डोंगराला टेकलेले तालुके. समुद्र त्यांच्या वाट्याला आलेला नाही. त्यांच्या वाट्याला आला तो सह्याद्रीचा कडा आणि त्या कड्यातून खाली उतरणाऱ्या वाटा. पूर्वेला भीमाशंकरपासून खंडाळ्यापर्यंत घाटाची भिंत उभी आहे, पश्चिमेला माथेरानचे पठार आहे आणि मधल्या खोऱ्यातून उल्हास नदी उत्तरेला नेरळ-बदलापूरकडे जाते. दक्षिणेला खोपोलीच्या अंगाने पाताळगंगा पश्चिमेला वळते आणि तिच्याही पलीकडे अंबा नदी पालीकडे निघते. देशावरून कोकणात आणि कल्याण, पनवेल, पेणच्या बंदरांत जाणारा माल शतकानुशतके याच पट्ट्यातून उतरला.

या वाटांवर नजर ठेवण्यासाठी गड उभे राहिले. बोरघाटाच्या तोंडावर राजमाची आहे. आज ती पुणे जिल्ह्यात मोडते, पण कोंडिवड्याकडून पाहणाऱ्याला ती कर्जतचीच वाटते. खांडसहून भीमाशंकरला चढणाऱ्या गणेश घाट आणि शिडी घाट या वाटांच्या डोक्यावर पदरगड आहे. त्याच रांगेत थोडा बाजूला, एका सुट्या सुळक्यावर कोथळीगड आहे. कर्जत गावाजवळ वदपच्या डोंगरावर भिवगड, कर्जत-खालापूरच्या सीमेवर सोंडाई, चौकच्या वर इर्शाळगड, नेरळच्या वर पेब ऊर्फ विकटगड. यांतला एकही गड रायगड किंवा राजगडासारखा राजधानीचा नाही. बहुतेकांवर शे-दोनशे माणसे नीट राहू शकतील इतकीच सपाटी आहे. हे पहाऱ्याचे गड होते.

म्हणूनच या तालुक्यांत ‘गडाखालचे नगर’ शोधत येणाऱ्याची निराशा होते. जपानमध्ये असे नगर कसे घडले हे पाहिले, तर इथे ते का घडले नाही हे चटकन कळते. जपानी सरदारांचे किल्लेही आधी डोंगरमाथ्यांवरच होते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते हळूहळू सपाटीवर आले. तिथला सत्ताधीश हिदेयोशी याने 1588 मध्ये शेतकऱ्यांची शस्त्रे काढून घेतली आणि 1591 मध्ये लढवय्ये व शेतकरी यांची कायमची फारकत करणारा हुकूम काढला. 1615 मध्ये तोकुगावा सत्तेने एका प्रांतात एकच किल्ला ठेवण्याचा नियम केला आणि बाकीचे शेकडो किल्ले पाडले गेले. उरलेल्या किल्ल्याच्या पायथ्याशी सामुराई कुटुंबांना सक्तीने वसवण्यात आले. त्यांना लागणारे सुतार, लोहार, रंगारी, लाखकाम करणारे कारागीर वेगवेगळ्या आळ्यांत बसवले गेले. मग अडीचशे वर्षे शांतता होती. कानाझावा हे त्याचे ठळक उदाहरण. 1583 मध्ये तिथे मायेदा घराणे आले. किल्ल्यातल्या ज्या कारखान्यात शस्त्रांची डागडुजी व्हायची, त्या ओसाइकुशोमध्ये पुढे लाखकाम, धातुकाम आणि नाजूक कारागिरी होऊ लागली. आज जपानमध्ये तयार होणारा सोन्याचा वर्ख जवळजवळ सगळा कानाझावाचाच असतो.

सह्याद्रीतले गड असे खाली उतरले नाहीत. सतराव्या शतकाच्या मध्यापासून 1818 पर्यंत त्यांचा खरा उपयोग लढाईसाठीच होत राहिला. शांततेचा जो काळ मिळाला त्याचा फायदा पुण्याला, साताऱ्याला, कोल्हापूरला, सावंतवाडीला झाला. पुण्याची तांबट आळी आणि सावंतवाडीची लाकडी खेळण्यांची व गंजिफांची परंपरा ही आपल्याकडची राजाश्रयाखालची कारागिरी. कर्जत-खालापूरच्या गडांना असा आश्रयदाता कधीच मिळाला नाही. हवालदार, सबनीस, कारखानीस हे गडाचे अधिकारी असत. पायथ्याच्या घेऱ्यातली कोळी, महार, रामोशी अशी माणसे मेटांवर, म्हणजे पहाऱ्याच्या ठाण्यांवर, पहारा करीत आणि त्यांची घरे वाड्यावस्त्यांतच असत. त्यांच्या गरजा भागवणारे हात याच रानातले होते. इथली कारागिरी बघायची तर खडकात, बांबूत, लोखंडात आणि जत्रेत बघावी लागते.

खडकापासून सुरुवात करावी, कारण इथली सर्वांत जुनी कारागिरी तिथेच आहे. राजमाचीच्या पोटात, उल्हास खोऱ्याकडे तोंड करून कोंढाण्याची लेणी आहेत. ती बौद्ध आहेत, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपासची, म्हणजे गडांच्याही कितीतरी आधीची. चैत्याच्या दर्शनी भागावरची मोठी कमान, तिच्या भोवतीच्या छोट्या कमानींची रांग, जाळीचे पट्टे आणि मधल्या चौकटींत कोरलेली नाचणारी जोडपी हे सारे लाकडी इमारतीचे अनुकरण आहे. सुताराने तुळया, वासे, खुंट्या जिथे बसवल्या असत्या, तिथे पाथरवटाने त्या दगडातून सोडून दिल्या आहेत. शेजारच्या विहाराच्या छतालाही दगडी तुळया आणि वासे आहेत. त्यांच्यावर कसलाही भार नाही, पण त्यांच्यावाचून घर पुरे होते असे त्या माणसांना वाटत नसावे.

चैत्याच्या डाव्या हाताला एका भव्य मूर्तीचा मोडका भाग शिल्लक आहे. तिच्या मस्तकाजवळ ब्राह्मीत एक छोटा लेख आहे. त्याचा अर्थ असा की हे काम कण्हाचा शिष्य बलक याने केले. प्राचीन लेण्यांतले लेख बहुधा दान देणाऱ्यांचे असतात. अमक्या गावच्या अमक्या व्यापाऱ्याने खांब दिला, अमक्या भिक्षुणीने टाके दिले, असे. इथे मात्र घडवणाऱ्याचे नाव आहे आणि त्याच्याबरोबर त्याच्या गुरूचेही. पुढची दोन हजार वर्षे या परिसरात ज्यांनी गडांची टाकी खोदली, पायऱ्या काढल्या, रेल्वेचे बोगदे पाडले, त्या हजारो पाथरवटांपैकी कुणाचेही नाव असे दगडावर उरलेले नाही. कोंढाण्याला जाणारे पावसाळी पर्यटक लेण्याच्या तोंडावर पडणाऱ्या धबधब्यासाठी जातात. बलकाच्या नावाखालून जाताना फारसे कुणी वर पाहत नाही. लेण्यांचा दर्शनी भाग आणि खांब पुष्कळ मोडले आहेत, त्यामुळे आज जे दिसते ते मूळ कामाचा एक तुकडा आहे असे धरून पाहिलेले बरे.

या खडकाचा स्वभाव समजला की गडांचे बांधकाम समजते. सह्याद्रीचा बसाल्ट लाव्हाच्या थरांनी बनलेला आहे. काही थर घट्ट, काळे आणि छिन्नीला दाद न देणारे असतात, तर काही सच्छिद्र व तुलनेने मऊ. दोन थरांच्या मध्ये कधी लाल मातीसारखा पट्टा असतो आणि पाणी तिथून झिरपते. जुन्या पाथरवटांना हे पुस्तकातून कळलेले नव्हते. डोंगराच्या अंगावर पावसाळ्यानंतर ओल कुठे टिकते, शेवाळे कुठे धरते, हे पाहून त्यांनी टाक्यांच्या जागा धरल्या. टाके मऊ थरात खोदायचे, वर घट्ट थराचे छत राखायचे आणि छत खचू नये म्हणून मध्ये खांब सोडायचे. अशा खांबटाक्यांत पाण्यावर ऊन पडत नाही आणि ते उन्हाळ्यापर्यंत टिकते. टाक्यातून निघालेला दगड तटाला आणि जोत्यांना वापरायचा. एकाच खोदकामात पाणी आणि भिंत दोन्ही मिळत. छोट्या गडावर ही काटकसर फार महत्त्वाची होती, कारण खालून दगड वर चढवणे परवडणारे नव्हते.

भिवगडावर तटबंदी म्हणावे असे फारसे उरलेले नाही, टाकी मात्र जाग्यावर आहेत. सोंडाईवरही तसेच: वाटेत कातळातली टाकी, खोबण्या आणि माथ्यावर सोंडाई देवीचे ठाणे. इथली बुरूज-दरवाज्यांची भव्यता पाहायला येणारा हिरमुसतो. पण गड म्हणजे आधी पाणी हे ज्याला पटले आहे, त्याला या दोन टेकड्यांवर बघायला पुष्कळ सापडते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात दुर्गांविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातही गडावरचे पाणी आधी पाहावे, मग किल्ला बांधावा, असाच विचार आहे.

कोथळीगड हे या सगळ्यांतले सर्वांत देखणे काम. कर्जतहून कशेळेमार्गे आंबिवलीला पोचले की तिथून चढ सुरू होतो आणि सुळक्याखालच्या माचीवर पेठ हे गाव लागते. गडालाही लोक पेठचा किल्ला म्हणूनच ओळखतात. कर्जत-खालापुरात गडाच्या अंगाखांद्यावर वसलेले गाव पाहायचे तर हे पाहावे. गावात एक तोफ आहे. घरे थोडीच, भोवती भाताची खाचरे आणि मागे सुळका. इथे व्यापारी रांगा, कारागिरांच्या आळ्या, वाडे यांपैकी काहीही नाही. वरून येणाऱ्या घाटवाटांचा माल इथे टेकत असेल, गडकऱ्यांच्या घरच्या गरजा इथे भागत असतील, पण रायगडाच्या माथ्यावर दिसते तशा दगडी जोत्यांच्या बाजारपेठेची खूण पेठेत नाही.

गावातून वर सुळक्याच्या पायाशी गेले की मोठी गुहा लागते. तिची जमीन सपाट काढलेली आहे, छताला आधार देणारे खांब कोरीव आहेत. जवळच भैरोबाचे ठाणे आहे. गुहेच्या बाजूने खडकाच्या आतूनच जिना वर जातो. सुळका आतून पोखरून, एका पायरीवर दुसरी पायरी रचल्यासारखा पण सगळा एकाच दगडातून काढलेला. बाहेरून पाहणाऱ्याला वर जायची वाट दिसतच नाही. पायऱ्या उंच आहेत, चढताना गुडघे छातीला लागतात. वर जेमतेम एक छोटे पठार आहे आणि तिथून पूर्वेला भीमाशंकरची, पदरगडाची रांग, दक्षिणेला ढाकचा डोंगर आणि पश्चिमेला माथेरान असा सारा मुलूख नजरेत येतो. एवढ्या जागेसाठी एवढा खटाटोप का केला, हा प्रश्न माथ्यावर उभे राहिल्यावर पडत नाही.

संभाजी महाराजांच्या काळात या गडावर शस्त्रांचा आणि दारूगोळ्याचा साठा होता. कानाझावाच्या किल्ल्यातही शस्त्रांचाच कारखाना होता हे इथे आठवते. त्या कारखान्याला अडीच शतकांची शांतता मिळाली. कोथळीगडाच्या साठ्याला तशी एक पिढीही मिळाली नाही. 1684 च्या अखेरीस औरंगजेबाच्या सैन्याने गड घेतला. तो परत मिळवण्यासाठी मराठ्यांनी जोराचे प्रयत्न केले आणि त्यांत मराठा सरदार नारोजी त्रिंबक मारले गेले. 1818 मध्ये पेशवाई संपल्यावर कोकणातल्या किल्ल्यांची पाहणी कॅप्टन डिकिन्सनने केली आणि त्या काळात सह्याद्रीतल्या अनेक गडांच्या वाटा, पायऱ्या, दरवाजे सुरुंग लावून उद्ध्वस्त करण्यात आले. कोथळीगडाचा जिना मात्र आजही चढता येतो.

लढाईचा विषय निघालाच आहे तर उंबरखिंडीचा उल्लेख हवा, जरी तिथे गड नाही आणि कारागिरीही नाही. मुघल सुभेदार शायिस्ताखानाने पाठवलेला सरदार कारतलबखान आणि त्याच्याबरोबरची स्त्री-सरदार रायबागन लोणावळ्याच्या बाजूने कुरवंडे घाट उतरून अंबा नदीच्या अरुंद खोऱ्यात शिरले. 2 फेब्रुवारी 1661 रोजी शिवाजी महाराजांनी त्यांना तिथे कोंडले. सामान आणि खंडणी देऊन खानाला परत फिरावे लागले. खालापूर तालुक्यात चावणी गावाजवळ त्याचे स्मारक आहे. या मुलखात वाट हीच खरी तटबंदी होती, आणि गड फक्त तिच्यावर नजर ठेवायला होते, हे तिथली अरुंद दरी पाहिल्यावर समजते.

नगर उभे राहिले ते गडाखाली नाही, घाटाखाली. बोरघाट उतरला की पहिला मोठा मुक्काम खोपोली. बैलांच्या पाठीवर माल लादून वंजाऱ्यांचे तांडे हा घाट चढत-उतरत. वर मीठ, तांदूळ, सुकी मासळी जायची. खाली गूळ, डाळी, मिरची, तेल यायचे. थकलेल्या जनावरांना आणि माणसांना पाणी हवे म्हणून नाना फडणविसांनी खोपोलीत मोठा तलाव बांधला आणि त्याच्या काठी महादेवाचे देऊळ. तलावाचे घडीव दगडी बांधकाम ही या तालुक्यांतल्या पाथरवटांच्या हाताची पेशवाईतली मोठी खूण. गड सोडून पाथरवट रस्त्यावर आला तो असा. 1830 मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि लादलेल्या बैलांची जागा बैलगाड्यांनी घेतली.

त्यानंतरचे काम तर गडांना खुजे करणारे होते. 1856 ते 1863 या काळात बोरघाटातून लोहमार्ग काढला गेला. पळसदरी, ठाकूरवाडी, मंकी हिल असा तो चढ, त्यावर 25 बोगदे आणि दगडी कमानींचे पूल. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये आल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला आणि त्याची बायको अ‍ॅलिस हिने ठेका पुरा केला. कॉलऱ्याने आणि अपघातांनी मजूर किती गेले याचा हिशेब दगडांवर नाही. पण कमानींचे चिरे आजही एकमेकांना घट्ट धरून आहेत. 14 मे 1863 रोजी मार्ग खुला झाला. कर्जत स्टेशनवर घाट चढण्यासाठी गाडीला मागून जादा इंजिने लावण्याची पद्धत जुनी आहे. 1915 मध्ये खोपोलीला आणि 1922 मध्ये भिवपुरीला टाटांची जलविद्युत केंद्रे सुरू झाली. त्यांचे सोडलेले पाणी मिळू लागल्याने पाताळगंगा आणि पेज या नद्या बारमाही वाहू लागल्या. त्यांच्या काठांवर पुढे कारखाने आले, तो निराळा विषय.

आता हातची कामे. या तालुक्यांतल्या डोंगरउतारावर प्रामुख्याने ठाकर आणि कातकरी राहतात. ठाकरांच्या वाड्या गडांच्या अगदी अंगाला आहेत, कातकऱ्यांच्या बहुधा गावांच्या कडेला. जुने ठाकर घर पूर्णपणे रानातून येते. खांबाला साग किंवा ऐन, कुडाला कारवी. सह्याद्रीच्या उतारावर माजणारी ही झुडपे सात-आठ वर्षांनी एकदाच फुलतात आणि मग वाळतात. सरळ वाढलेल्या काठ्या उभ्या रोवून आडव्या कामट्यांनी बांधायच्या, मग शेण आणि माती कालवून दोन्ही बाजूंनी लिंपायचे. असा कूड पावसात श्वास घेतो, उन्हात तापत नाही आणि मोडला तर घरातल्या बाईला एका दुपारी नीट करता येतो. छपराला पूर्वी गवत किंवा पेंढा असे, नंतर कौले आली, आता बहुतेक ठिकाणी पत्रे आहेत.

बांबूचे काम बुरूडही करतात आणि वाड्यांतले लोकही. ओला बांबू कोयत्याने उभा फाडला की त्याच्या जाड कामट्या आणि पातळ बेळ निघतात. बाहेरची हिरवी साल टणक, ती ताणाला टिकते. आतला पांढरा गर ठिसूळ, तो भरावाला. सूप, टोपली, रोवळी, भाकऱ्या ठेवायची दुरडी, कोंबड्या झाकायचे डालगे, भात साठवायची कणगी. कणगी विणून झाली की ती आतून-बाहेरून शेणमातीने लिंपतात, म्हणजे उंदीर आणि ओल दोन्ही बाहेर राहतात. विणीची घट्टी कामाप्रमाणे बदलते. धान्य पाखडायच्या सुपाची वीण इतकी दाट असते की तांदळाची कणी अडकत नाही. तांदूळ धुवायच्या रोवळीची वीण पाणी सोडेल पण दाणा सोडणार नाही एवढीच मोकळी. हा हिशेब कुणी लिहून ठेवलेला नाही, तो बोटांत असतो.

यांतले सर्वांत हुशारीचे काम म्हणजे इरले. भातलावणी भर पावसात, कमरेत वाकून, दोन्ही हातांनी करायची असते. छत्री धरायला हात मोकळा नसतो. म्हणून बांबूच्या दोन जाळ्या विणून मध्ये पळसासारख्या रुंद पानांचे थर दाबायचे आणि डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकेल असा त्याला बाक द्यायचा. माणूस वाकला की इरले पाठीवर बसते आणि पाणी दोन्ही बाजूंनी ओघळते. प्लास्टिकचे कागद आणि पोती आल्यावर इरले मागे पडले. प्लास्टिक स्वस्त आहे, हलके आहे, आणि ते बनवायला कुणाला आठवडाभर बसावे लागत नाही. त्याबद्दल शेतकऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

लोहाराकडून कोयता, विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ येतो. रानात जाणाऱ्याचा कोयता कमरेला मागे अडकवलेल्या लाकडी आकडीत असतो. आकडीचे लाकूड, खाच आणि दोरी ज्याची त्याने बनवायची असते. भाताच्या शेतीत पेरणीपूर्वी राब भाजतात, त्यासाठी झाडांच्या फांद्या तोडाव्या लागतात, त्यामुळे कोयत्याला बारमाही काम असते. गडावर दोरखंड, कुडाची घरे, पेंढ्याची छपरे, धान्याच्या कणग्या लागत, तेव्हा त्या याच हातांनी पुरवल्या असणार. विकटगडाच्या गुहांचा उपयोग धान्यकोठार म्हणून होत असे, असे सांगतात. कोठारात धान्य टिकवायचे ज्ञान वाडीतल्या कणगीपेक्षा वेगळे असण्याचे कारण नाही.

कातकऱ्यांची गोष्ट मात्र कडू आहे. खैराच्या गाभ्याचे तुकडे मडक्यात उकळून, आटवून कात काढणे हा त्यांचा जुना धंदा. ते जंगलातच भट्टी लावत आणि कात तयार झाला की पुढच्या रानात जात. 1878 च्या वनकायद्यानंतर खैर तोडण्यावर बंधने आली आणि तो धंदा मोडला. मग कोळसा पाडण्याची कामे आली आणि त्यानंतर वीटभट्ट्या. पावसाळा संपला की मुकादमाकडून उचल घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे भट्टीवर जातात, उचल फिटेपर्यंत विटा थापतात आणि वळवाच्या आधी परततात. मुलांची शाळा अशीच मध्येच सुटते. महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींची नोंद केंद्र सरकारने विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून केली आहे, त्यांत कातकरी आहेत. त्यांच्या हातची वीट मुंबई-पनवेलच्या इमारतींत जाते. पारंपरिक कारागिरीच्या यादीत वीट कुणी धरत नाही. पण चिखल मळणे, साचा भरणे, विटा सुकवून भट्टी रचणे, तिला आग लावून धग सारखी राखणे, हे कसब वर्ख ठोकण्यापेक्षा कमी नाही. फरक एवढाच की वर्ख ठोकणाऱ्याला आपल्या हुनराचे नाव आणि दाम मिळतो.

ही सगळी कामे एका जागी बघायची तर कार्तिकात खोपोलीजवळ टाकई-साजगावच्या जत्रेला जावे. लोक तिला बोंबल्या विठोबाची जत्रा म्हणतात, कारण विठोबाच्या दर्शनाइतकीच गर्दी सुक्या बोंबलांना असते. संत तुकाराम व्यापारासाठी घाट उतरून इथे येत, असे परंपरा सांगते. जत्रा बरेच दिवस चालते. सुकी मासळी किनाऱ्यावरून येते, घोंगड्या आणि मिरची देशावरून, कोयते, विळे, पहारी लोहारांकडून, सुपे-टोपल्या वाड्यांतून. बैलांचा बाजारही भरतो. डोंगरातली माणसे वर्षभराचे सुके आणि लोखंड इथूनच नेतात. घाटवाटांचा जो व्यापार एकेकाळी वंजाऱ्यांच्या तांड्यांवर चालत होता, त्याचे उरलेले रूप हे आहे. गडाच्या पायथ्याला जी बाजारपेठ बसली नाही, ती इथे वर्षातून एकदा, पंधरवडाभर, तंबू ठोकून बसते.

एक अपवाद नोंदवावा लागेल, थोडा गमतीचा. चौक-कर्जत रस्त्यावर कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी 2005 मध्ये एन. डी. स्टुडिओ उभा केला. 2008 साली आलेल्या ‘जोधा अकबर’साठी तिथे आग्र्याच्या किल्ल्याचे प्रचंड नेपथ्य उभारण्यात आले आणि पुढे पर्यटक तिकीट काढून ते पाहायला येऊ लागले. तट, दरवाजे, दरबार, बाजार, सगळे आहे आणि सगळे लाकूड, प्लायवूड, फायबर व प्लास्टरचे. सुतार, साचे काढणारे, रंगारी यांच्या तिथल्या कामाला उणे म्हणता येणार नाही. दगडाचा भास आणण्यात त्यांनी कोंढाण्याच्या पाथरवटाचा खेळ उलट्या दिशेने खेळला आहे. 2 ऑगस्ट 2023 रोजी देसाईंचे याच स्टुडिओत निधन झाले. कर्जत-खालापुरातले एकमेव ‘किल्ला आणि बाजारपेठ’ चित्रपटासाठी उभारलेले आहे, यात या मुलखाच्या इतिहासाचा बराचसा भाग येतो.

त्याच वर्षी त्याच परिसरात त्याहून फार मोठे दुःख झाले. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाच्या उतारावरची इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. 27 जणांचे मृतदेह सापडले, 57 जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोध थांबवण्यात आला. वाडीपर्यंत रस्ता नव्हता. मदतपथकांना चिखलातून पायी चढावे लागले, यंत्रे नेता आली नाहीत. गडाखाली राहणे म्हणजे काय असते याचा हा दुसरा अर्थ, जो जपानी नगरांच्या वर्णनात नसतो. वाचलेल्यांचे पुनर्वसन चौकजवळ सपाटीवर, पक्क्या घरांत झाले. कूड लिंपायचे काम तिथे उरलेले नाही, डोंगरातली शेती आणि रान लांब पडले, पण पावसाळ्यात रात्री झोप लागते. इथल्या इतर अनेक वाड्या अजून उतारावरच आहेत.

11 जुलै 2025 रोजी मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांत रायगड जिल्ह्यातले रायगड आणि खांदेरी आहेत. कर्जत-खालापूरमधला एकही नाही, आणि त्या निकषांवर असावा असेही नाही. या गडांचे मोल एकेकट्या वास्तूत कमी आणि घाट, गड, लेणी, वाडी या साखळीत अधिक आहे. अशी साखळी पाहायची तर एका दिवसात दोन-तीन गड उरकण्याचा बेत सोडावा. पहिल्या दिवशी कोंडिवड्याहून कोंढाणे आणि जमल्यास तिथूनच वर राजमाची. दुसऱ्या दिवशी आंबिवलीमार्गे पेठ आणि कोथळीगड. तिसऱ्या दिवशी खोपोलीचा तलाव आणि चावणी. भर पावसात कोथळीगडाच्या आतल्या पायऱ्यांवरून पाणी वाहते, त्यामुळे ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे महिने बरे. कार्तिकातली जत्रा याच काळात येते. बांबूचे सामान घ्यायचे असेल तर हायवेवरच्या दुकानांपेक्षा कर्जत आणि कशेळ्याच्या बाजारात वाडीवरून आलेल्या बाईकडून घ्यावे आणि घासाघीस करण्याआधी एका सुपाला किती दिवस लागतात ते तिलाच विचारावे. पेठेत मुक्काम करायचा तर आधी गावात सांगून ठेवावे, म्हणजे जेवणाची सोय होते. तांदळाची भाकरी आणि भाजी मिळते.